सात ते सत्तर, एकाच काठावर : पक्षी बघणाऱ्यांच्या गटात पहिल्यांदा येताना

रविवारी सकाळी साडेसहाला आमचा गट पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठी जमतो, तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटतं कुणाच्या तरी घरची सहल निघाली आहे. कानटोपी घातलेले आजोबा, शाळेची सॅक पाठीला लावलेली मुलगी, कॅमेऱ्याची भलीमोठी लेन्स खांद्यावर तोलणारा तिशीतला गडी, स्टीलच्या डब्यात पोहे घेऊन आलेल्या काकू. यातल्या कुणाचंही कुणाशी नातं नाही. सगळ्यांना एकत्र आणणारी गोष्ट समोर पाण्यात एका पायावर उभी आहे आणि तिला यांच्याशी काही देणंघेणं नाही.

नवीन येणारा माणूस या गर्दीकडे बघून हमखास गडबडतो. चाळिशीतला विचारतो, "मी जरा उशिराच आलो ना या छंदात?" कॉलेजची मुलगी घरी जाऊन म्हणते, "सगळे काकालोकच आहेत तिथे." निवृत्त बाईंना वाटतं, पोरांच्या चालीत आपली अडचण होईल. या तिघांनाही मी एकच सांगतो. इथे वय मोजत नाहीत, मोसम मोजतात. समोरच्याने किती हिवाळे पाहिले ते विचारा. पाच हिवाळे पाहिलेली बारा वर्षांची पोर ही पहिलाच हिवाळा बघणाऱ्या बासष्टीच्या माणसाची सीनियर असते, आणि हे एकदा पचलं की बाकीचं सोपं होतं. ते कसं पचवायचं, त्यासाठी हा लेख.

पहिली पायरी : हिवाळा धरा, पाणी धरा

सुरुवात जंगलातून करू नका. कर्नाळ्याला जायचं मन होतं, अभयारण्य म्हटलं की उत्साह येतो, पण जंगलात पक्षी पानाआड दोन सेकंद दिसतो आणि ज्याची मान पटकन वळते त्यालाच मिळतो. लहान मुलं कंटाळून दगड मारायला लागतात. मोठ्या माणसांचं त्याहून वाईट होतं, त्यांना "दिसला का?"वर "हो हो, दिसला" म्हणायची सवय लागते. अशा खोट्या होकारांवर वर्षभर काढलेले लोक मला माहीत आहेत.

पाण्यावरचे पक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात आणि तासभर तिथेच असतात. प्रत्येकाला आपल्या वेगाने बघता येतं. सात वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच शेकाट्याकडे बघून त्याच्या लांबलचक गुलाबी पायांवर एकाच वेळी हसू शकतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत स्थलांतर करून आलेली बदकंही असतात. पुणे-सोलापूरकडच्यांना उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर (रामसर या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत २०२० मध्ये गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा), मुंबई-ठाण्याला ठाणे खाडी, गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरचं सलीम अली अभयारण्य. भिगवणला आणि खाडीत होडीतून बघता येतं, म्हणजे गुडघ्यांची परीक्षा नाही.

मुहूर्तच हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर. हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या. या आठवड्यात ठिकठिकाणचे गट नवख्यांसाठी फेऱ्या काढतात आणि त्यात सगळ्या वयाचे नवखे असतात, त्यामुळे एकटं पडल्यासारखं होत नाही.

दुसरी पायरी : गटात शिरण्याआधी चार प्रश्न

फेरीची घोषणा आली की फोन करून विचारा. लाजू नका, चांगला गट या प्रश्नांवर खूश होतो.

किती माणसं येणार? दहा-बाराच्या वर गेली की ती फेरी राहत नाही, मिरवणूक होते. मागच्यांना फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात, आणि त्यात उंचीने लहान असलेल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान.

जवळपास स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न घोषणेत कुणी लिहीत नाही आणि गटाची वयं नेमकी त्यावरच ठरतात. मधुमेहाची औषधं घेणारे, प्रोस्टेटचा त्रास असणारे, लहान मुलं आणि झाडून सगळ्या बायका. जिथे सोय नसते तिथे हळूहळू फक्त पंचविशी-पस्तिशीतले पुरुष उरतात, आणि मग तेच म्हणतात की "बायका आणि म्हातारी माणसं येतच नाहीत हो." येतील कशी?

किती चालायचं आहे आणि मधूनच परतता येईल का? आणि चौथा, मुलांसोबत पालक लागतात का? यावर "सोडून गेलात तरी चालेल, आम्ही आहोत" असं उत्तर आलं तर दुसरा गट शोधा. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरी पायरी : दुर्बीण आपल्या डोळ्यांच्या मापाची

पहिल्या फेरीला दुर्बीण विकत घेऊन येऊ नका. गटात कुणीतरी देतं. दोन-तीन फेऱ्यांत आपल्याला काय झेपतं ते कळतं.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तरुणांना १०×चं वेड असतं, कारण दहा आठापेक्षा मोठे. पण जेवढी पट जास्त तेवढा हाताचा कंपही जास्त दिसतो. साठीनंतर हात किंचित हलतो, त्यात काही लपवण्यासारखं नाही. ८× घ्या, पक्षी स्थिर दिसेल आणि भोवतालचा परिसरही जास्त दिसेल. वजनाचंही तसंच. ८×४२ ची दुर्बीण पाऊण किलोच्या आसपास जाते आणि दोन तासांनी ती मानेला जाणवते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा मिळतो, तो लावा.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढायचा नसतो. डोळ्याजवळचे रबरी किंवा फिरकीचे कप खाली करायचे, म्हणजे पूर्ण गोल दिसतो. आमच्याकडे एक गृहस्थ दोन वर्षं अर्धचंद्राकृती पक्षी बघत होते. कुणी कप खाली करून दिला तेव्हा म्हणाले, "अरे, हे आधी का नाही सांगितलं?" कारण त्यांना कुणी काही सांगायला धजत नव्हतं. ते निवृत्त मुख्याध्यापक.

मुलांची अडचण उलटी. त्यांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं आणि मोठ्यांची दुर्बीण तेवढी मिटत नाही. मूल म्हणतं "दोन-दोन गोल दिसतात", आपण म्हणतो "नीट धर." नीट धरून होणार नाही. त्यांना ८×२५ किंवा ८×३० ची छोटी द्या, आणि आधी ती त्यांच्या डोळ्यांइतकी मिटते का ते बघा. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर बसवलेली, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) लावला असेल तर तो मुलांच्या उंचीवर लावावा, मोठ्यांनी वाकावं. फक्त कंबरेचा त्रास असणाऱ्यांसाठी मध्ये एकदा वर घ्यावा.

एक वेगळीच गोष्ट. मोतीबिंदूने डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा रंग हळूहळू मळतो, पण इतक्या सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. आमच्या गटातल्या एक आजी शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने आल्या आणि समोरच्या तारेवरच्या खंड्याकडे बघत उभ्याच राहिल्या. रोजचा, अगदी साधा खंड्या. त्यांच्यासाठी तो त्या दिवशी नवा पक्षी होता.

चौथी पायरी : कान कुणाचे, कुठे

माझ्या मते मिश्र वयाच्या गटाचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि बहुतेक गट तो वाया घालवतात.

लहान मुलाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढतं तशी ही वरची कड खाली सरकते. बोलणं नीट ऐकू येत असतं, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नसतो, म्हणून माणूस म्हणतो माझे कान ठणठणीत आहेत. पण छोट्या खंड्याची, म्हणजे धीवराची, ती पाण्यावरून सुईसारखी जाणारी शीळ त्याच्या यादीतून कधीच निघून गेलेली असते. फुलटोच्याची टिकटिकही तशीच. हे पक्षी परिसरातून गेलेले नसतात, आपल्या कानांतून गेलेले असतात. मला स्वतःला पंचेचाळिशीत हे कळलं. शेजारी उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणाला "धीवर आला", मी म्हटलं "कुठे?", आणि तेवढ्यात निळी रेघ पाण्यावरून गेली. त्याने ती दिसण्याआधी ऐकली होती.

म्हणून फेरीत पुढे एक लहान कान ठेवा. पोराला काम सांगा : नाव माहीत नसलं तरी चालेल, बारीक आवाज आला की हात वर करायचा आणि दिशा दाखवायची. दहा मिनिटांत ते मूल दगड मारणं विसरतं.

मोठ्यांच्या कानांना खालच्या पट्टीतले आवाज नीट मिळतात. भारद्वाजाचं घुमणारं ऊप-ऊप-ऊप, होल्याचं घूं घूं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं तांबटाचं टुक टुक. हे आवाज त्यांच्याकडे सोपवा. आणि त्यांच्याकडे मुलांकडे नसलेली एक गोष्ट असते, त्यांना थांबता येतं. तांबट समोरच्या वडावर असतो, हिरव्यात हिरवा. पोरं अर्ध्या मिनिटात "नाहीये" म्हणून पुढे जातात. आजोबा उभे राहतात, पाच मिनिटांनी तो मान हलवतो आणि लाल कपाळ दिसतं.

मोबाइलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, २०२१ पासून ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. ज्येष्ठांनी ते जरूर ठेवावं. जो आवाज आपल्याला येत नाही त्याची उभी रेघ पडद्यावर उमटताना दिसते, म्हणजे कानाचं काम डोळ्याने होतं. मात्र ॲप म्हणालं म्हणजे झालं असं नाही. कोतवाल शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढतो आणि ॲपही माणसासारखंच फसतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी एकदा ते देणाऱ्या तज्ज्ञांना सांगून बघावं की मला बाहेर पक्षी ऐकायचे असतात. यंत्राची नेहमीची जुळणी माणसांच्या बोलण्यासाठी केलेली असते.

पाचवी पायरी : नावांची देवाणघेवाण

पहिल्याच दिवशी लक्षात येईल की गटात तीन भाषा चालतात. शाळकरी मुलं आणि कॅमेरेवाले इंग्रजी नावं घेतात, कारण पुस्तकं आणि ॲप तशी. वाचून आलेले मध्यमवयीन लोक छापील मराठी नावं घेतात. आणि गावाकडे वाढलेले ज्येष्ठ लोक त्यांची नावं घेतात, जी बहुधा पुस्तकात नसतात.

नवख्याने तिन्ही ऐकावीत. भारद्वाजाला कुणी कुंभार कावळा म्हणेल, कुणी कुकुडकुंभा. पावश्याचा आवाज इंग्रजी शिकलेल्या मुलांना "ब्रेनफीव्हर" असा ऐकू येतो, आणि त्याच बांधावर उभ्या शेतकरी आजोबांना "पेरते व्हा, पेरते व्हा". पक्षी एकच, मे-जूनचा. कानात काय भरलंय त्यावर पुढचं ठरतं. पाणथळीवरच्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याला वारकरी का म्हणतात हे एखाद्या आषाढीला चालून गेलेल्या काकांना विचारा. गंध लावलेलं कपाळ ते तुम्हाला बोटाने काढून दाखवतील, आणि ते नाव पुन्हा विसरणार नाही.

मोठ्यांनीही मुलांची नावं शिकावीत. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणून सोडून देऊ नये. फेरीनंतर नोंदी करताना ॲपवर तो पक्षी शोधायला प्रमाण नाव लागतंच.

जुन्या माणसांकडून नावाबरोबर आणखी एक गोष्ट काढून घ्यायची असते : काय होतं आणि आता नाही. आज पंधरा वर्षांच्या मुलाने गावाबाहेर मेलेल्या बैलावर बसलेली गिधाडांची रांग पाहिलेली नसते. साठीच्या माणसाला ती इतकी ओळखीची असते की सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. १९९० च्या दशकात गिधाडं झपाट्याने गेली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्याच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६ मध्ये भारतात त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. मुलांना हे पुस्तकात वाचायला मिळतं. "आमच्या ओढ्यापलीकडे कमीत कमी चाळीस बसायची" हे मात्र शेजारी चालणाऱ्या माणसाकडूनच मिळतं.

विचारताना "तुमच्या वेळी कसं होतं?" असं मोघम विचारू नका, भाषण सुरू होईल. नेमकं विचारा. कुठलं गाव? कुठला पक्षी रोज दिसायचा? कुठल्या महिन्यात? घरात काय म्हणायचे त्याला? दोन ओळींत लिहून घ्या. कुणाकडे तारखेनिशी लिहिलेली जुनी डायरी असेल तर ते सोनं आहे. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी भरायच्या संकेतस्थळावर मागच्या तारखेच्या नोंदीही भरता येतात. आजोबांनी वाचून दाखवायचं आणि नातवाच्या वयाच्या कुणी भरायचं, पावसाळ्यातल्या रिकाम्या रविवारांना याहून चांगलं काम मला सुचत नाही.

सहावी पायरी : हाक आणि चूक

आता अवघड भाग. आपल्या मराठी माणसाला हाक मारल्याशिवाय बोलता येत नाही आणि हाकेतच वय येतं. नवख्याने सरळ दादा-ताई, काका-काकू वापरावं. "आजोबा" म्हणण्याआधी जरा थांबा, साठीच्या सगळ्यांना ते रुचत नाही. "सर" या शब्दाबद्दल माझं मत वाईट आहे. ज्याला सर म्हटलं त्याची चूक काढता येत नाही, आणि चूक काढता आली नाही की यादी बिघडते.

लहानांना "बाळा, तुला काय कळतंय" असं कुणी म्हणत नाही, पण "वा, हुशार आहे हं!" हेही जवळपास तेच असतं. मुलाने ओळखलं तर शाबासकीऐवजी त्याला विचारा, "कशावरून?" मोठ्या माणसाला विचारता तसंच. त्याचं उत्तर बरोबर की चूक ते त्यावरून ठरेल, आणि त्याला त्याचा मान मिळेल.

मोठ्यांची चूक सांगताना काय करायचं ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण हे दर हिवाळ्यात घडतं. झाडावर पोटावर आडव्या पट्ट्या असलेला करडा पक्षी बसलाय. गटातले जाणते काका म्हणतात, "शिक्रा." सगळे लिहून घेतात. तेरा वर्षांची मुलगी दुर्बीण खाली घेत नाही. तिला वाटतंय तो पावशा आहे. पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो आणि हिवाळ्यात गप्प असतो, त्यामुळे हमखास फसवतो. आता ती "काका, चुकलं तुमचं" म्हणाली तर काका चिडतील, आणि गप्प बसली तर यादी खोटी. आम्ही तिला शिकवलंय की नाव घ्यायचं नाही, खूण सांगायची. "काका, चोच आकडीसारखी नाही दिसत. आणि डोळ्याभोवती पिवळं कडं आहे." काका पुन्हा दुर्बीण लावतात. मग ते स्वतःच म्हणतात, "हात्तिच्या, पावशा!" काकांचा मान शाबूत, मुलीचाही, आणि पावश्याला काही फरक पडत नाही.

दाखवताना "तो बघ, तिथे" असं म्हणू नका. "दोन वाजताच्या दिशेला" ही जुनी पद्धत चांगली, पण काट्याचं घड्याळ पटकन न वाचता येणारी मुलं आता गटात आहेत. हे ऐकून काही ज्येष्ठांना धक्का बसतो. त्यापेक्षा झाड पकडा : "वाळलेली बाभूळ, डावीकडची खालची फांदी, टोकापासून हातभर आत."

सातवी पायरी : चाल आणि मुलं

सगळ्यात सावकाश चालणारा पुढे. यावर चर्चा नको. तो मागे राहिला की पोचेपर्यंत पक्षी उडालेला असतो आणि बाकीचे पुढे निघालेले असतात. त्याला ना पक्षी मिळतो, ना विसावा. दीड तासाने बसायचं आणि खायचं. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी आलेल्या माणसाला नऊ वाजेपर्यंत ताटकळत ठेवू नये. शेंगदाण्याची चिक्की प्रत्येकाच्या खिशात असावी, औषध घेणाऱ्यांनी आपली गोळी आणि घरच्याचा फोन नंबर लिहून जवळ ठेवावा.

मुलांबाबत आमचे नियम कडक आहेत आणि तुमच्या गटाचेही असावेत. मुलासोबत घरचं मोठं माणूस हवंच. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचा नंबर घ्यायचा नाही, पालकाचा घ्यायचा. कुठल्याही मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाला एकट्याने पहाटे गाडीवर घेऊन येऊ नये, कितीही ओळख असली तरी. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. हे ऐकून कुणी "आमच्यावर संशय घेता का?" म्हणालंच तर शांतपणे सांगा, नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणूनच कुणावर संशय घ्यावा लागत नाही.

मुलांसाठी एवढं का करायचं? १९०८ च्या सुमारास मुंबईत दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग असलेली. ही कुठली, म्हणून त्याच्या मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब. त्या काळात एका गोऱ्या साहेबाने अनोळखी पोराला दारातूनच वाटेला लावलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. मिलार्डनी त्याला आत नेलं, कपाटं उघडून जतन केलेल्या पक्ष्यांचे खण दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा सलीम अली. (छर्‍याची बंदूक मात्र घरी ठेवा.)

घरटी, पिल्लं आणि आवाज वाजवणं यावर दोन वाक्यं, कारण इथे वयानुसार चुका वेगळ्या असतात. मुलांना मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा मोह होतो. विणीच्या काळात तर ते अजिबात नको, पक्षी घरटं सोडून भांडायला येतो. कॅमेरेवाल्यांना घरट्याचा मोह होतो. आणि आम्हा मोठ्यांना मोठ्याने बोलण्याचा, त्यातही फोनवर.

मधली फळी

गटात आलात की एक पोकळी दिसेल. शाळकरी मुलं आहेत, निवृत्त आहेत, कॅमेरे घेऊन आलेले काही पुरुष आहेत. अठ्ठावीस ते चाळीसमधली माणसं कमी, बायका तर फारच कमी. त्यांचा रविवार बाळाचा, धुण्याचा किंवा झोपेचा असतो. तुम्ही या वयातले असाल तर चार तासांची फेरी जमणार नाही म्हणून नाव मागे घेऊ नका. गच्चीवर चहाचा कप घेऊन पंधरा मिनिटं, दिसलं-ऐकलं ते सगळं मोजून लिहिलं, तरी ती पूर्ण नोंद होते. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर होणारी पक्षीगणना अशाच पंधरा मिनिटांवर उभी आहे. बाळ कडेवर असलं तरी कावळे मोजता येतात. कडेवरचं बाळ "काऊ" म्हणायला शिकतं ते वेगळंच.

आणि गटांनी या लोकांसाठी महिन्यातून एक फेरी संध्याकाळी ठेवावी. पहाटेचा हट्ट हा बराचसा निवृत्तांचा हट्ट आहे. संध्याकाळी तळ्यावर परतणारे बगळे आणि पाणकावळे पहाटेपेक्षा काही कमी नसतात.

शेवटची पायरी : यादी

फेरी संपली की सगळे चहाच्या टपरीवर जमतात आणि यादी होते. एकाने मोबाइलवर भरायची, बाकीच्यांनी नावं आणि आकडे सांगायचे, नंतर ती ई-बर्डवरून सगळ्यांना वाटता येते. भरण्याचं काम नवख्याकडे द्यावं, मग तो बाराचा असो की बासष्टीचा. स्पेलिंग शोधताशोधता नावं पाठ होतात, आणि कुणाच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा आणि कुणाला "कशावरून?" विचारायचं हेही कळत जातं. ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांनी सांगावं, ज्यांना दिसतात त्यांनी लिहावं. शंका असेल तर नाव गाळावं. संख्या वाढवण्यासाठी पक्षी टाकणारे लोक सगळ्या वयांत सापडतात.

यादीवर अर्धा-पाऊण तास जातो. काकूंचा पोह्यांचा डबा तोवर टिकत नाही. तेव्हा आधी आपली प्लेट भरून घ्या, आणि मग तो शिक्रा होता की पावशा यावर भांडायला बसा.